आधी विचारायचं

पहाटे २.४५

आज नरक चतुर्दशी. गेली बावीस वर्षं आमच्या घरात पहिली अंघोळ माझी असते, कारण साडेपाचला नाट्यगृहात दिवाळी पहाटेची मैफल सुरू होते आणि तिचे फोटो मी काढते. उंबऱ्याशी कारीट फोडते, देवापुढे दिवा लावते आणि बॅग तपासायला बसते. दोन बॉडी, ७०-२००ची एक लेन्स, ३५ची एक, चार बॅटऱ्या आणि काळी चिकटपट्टी. फ्लॅश मी नेतच नाही. जवळ असला की एखाद्या क्षणी मोह होतो.

चिकटपट्टी लागते ती कॅमेऱ्यावरच्या एका लहानशा दिव्यासाठी. अंधारात फोकस साधायला तो आपोआप पेटतो. मी तो मेनूतून बंद करते, तरी वरून पट्टीही लावते. डोळे मिटून गाणाऱ्या माणसाने डोळे उघडावेत आणि समोर तांबडा ठिपका दिसावा, हे मला चालत नाही. सणाचा दिवस असला तरी बांगड्या काढून ठेवते. काळा कुर्ता, रबरी तळाच्या चपला. पुण्यातले रस्ते अजून अंधारात आहेत, कुठेतरी पहिला फटाका वाजतो.

पहाटे ४.१५

साउंडवाले माझ्याही आधी आलेले असतात. ते माइकची पातळी लावतात तोवर मी रिकाम्या सभागृहात फिरून घेते. कुठे उभं राहिलं तर कुणाच्या नजरेआड गायिका जाते, हे खुर्चीत बसूनच कळतं, म्हणून चार-पाच खुर्च्यांत बसून बघते. माझा नियम साधा आहे. पहिली दहा मिनिटं डाव्या कोपऱ्यात, गुडघ्यांवर. त्यानंतर मागच्या भिंतीला पाठ लावून. तिकीट काढून आलेला माणूस आणि गायिका यांच्यामध्ये मी यायचं नाही.

मग दिव्यांची परीक्षा. नव्या कॅमेऱ्यांत बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, पण काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत आडवे पट्टे उमटतात. आजचे दिवे तसेच निघाले. म्हणजे आज यांत्रिक शटर वापरायचं आणि त्याचा आवाज कधी होऊ द्यायचा ते गाण्याला विचारून ठरवायचं.

पहाटे ४.४५

ग्रीन रूममध्ये तानपुरे जुळवणं चाललंय. पहिला राग ललत. त्यात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावायची. हे काम घाईचं नाही आणि त्या वेळी कुणीही, कॅमेऱ्यानेसुद्धा, आवाज करू नये. मी दारातच थांबते. तारांची जवारी मनासारखी बोलली तेव्हा आज गाणाऱ्या ताईंनी मान वर केली.

“ये गं, बस. चहा घे.”

“ताई, फोटो काढू ना आज?”

“दर वर्षी विचारतेस.”

“दर वर्षी विचारायलाच हवं.”

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “ललतमध्ये एक बंदिश बांधली आहे. दोनच महिने झाले, अजून पुरती बसलेली नाही. आज गावीशी वाटतेय. पण समोर पन्नास फोन उभे राहिले ना, की मी जुनीच गाईन.”

या कामात मी जे काही शिकले त्याचं सार या वाक्यात आहे. फोन वर धरला की मागच्याला दिसत नाही, त्याच्या उजेडाचा त्रास होतो, हे खरंच आहे. पण त्याहून मोठं नुकसान गाण्याच्या आत होतं. ख्याल गाणारा माणूस समोर बसून विचार करत असतो. एखादी जागा घेऊन बघतो, ती हुकते, तो परत जातो. मैफलीने त्याला ही मोकळीक दिलेली असते. हुकलेली जागा हवेत विरून जाईल, हा त्याचा भरवसा असतो. समोर मुद्रण चालू आहे हे कळलं की तो भरवसा जातो. मग गाणारा हमखास जमणारंच गातो, आणि आपण आयुष्यभर हमखास जमणारंच ऐकत राहतो. म्हणून फोन खाली ठेवणं हे कलाकारावर केलेले उपकार नाहीत. आपल्याला खरं गाणं ऐकायला मिळावं यासाठी ते आहे.

पहाटे ५.२५

निवेदिकेच्या हातातल्या चिठ्ठीतला मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिलाय. पूर्वी नुसतं “चित्रीकरणास सक्त मनाई आहे” असं सांगत. लोक ते ऐकत आणि दहा मिनिटांनी विसरत. आता कारण सांगतो आणि वेळही देतो. फोन गप्प करून खिशात ठेवा, कारण ताई आज एक नवी चीज गाणार आहेत. शेवटचा अभंग मात्र त्यांनी तुमच्या फोनसाठी राखून ठेवलाय, तेव्हा मनसोक्त चित्रीकरण करा. सभागृहात टाळ्या पडल्या. पर्समध्ये फोन टाकून चेन ओढल्याचे आवाज मी मोजू शकले असते.

पहाटे ५.३५

विलंबित एकताल. एक आवर्तन मिनिटभराचं. ललतचे दोन्ही मध्यम एकामागोमाग येतात तेव्हा सभागृह श्वास धरतं, त्या वेळी शटरला हात लावायचा नाही. मंद्रात स्वर स्थिरावलाय, तेव्हाही नाही. मी समेची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची वाट बघते. मुखडा येतो, तबल्याचा धिं पडतो, लोकांच्या तोंडून ‘वा’ निघते आणि त्या गजरात माझं शटर बुडून जातं. आवर्तनाला एक फोटो, फार तर दोन. नव्या मुलांना मी हेच सांगते की ताल मोजता येत नसेल तर मैफलीचे फोटो काढायला जाऊ नका. प्रकाश मोजायला कॅमेरा आहे, सम तुम्हालाच कळायला हवी.

सकाळी ६.१०

तिसऱ्या रांगेत एक फोन वर आला. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो पडदा खिडकी उघडल्यासारखा दिसतो. मागच्या चार रांगांतल्या माना त्याच्याकडे वळल्या. मंचावरून ताईंचीही नजर क्षणभर तिकडे गेली आणि तान छोटी झाली.

मी वाकून कडेकडेने गेले, त्या काकांच्या खुर्चीशी बसले. पडद्यावर एक तरुण मुलगी होती. व्हिडिओ कॉल चालू होता.

“काका, कोण आहे?”

“लेक. न्यू जर्सीला असते. तिथे आता संध्याकाळ आहे. दिवाळीला यायला जमलं नाही तिला.”

“शेवटच्या अभंगाला लावा ना परत. तेव्हा ताईंनीच सांगितलंय. पुढच्या कोपऱ्यात माझ्याजवळ उभे राहा, छान दिसेल तिला.”

त्यांनी लेकीला खुणेने सांगितलं, फोन खिशात टाकला आणि माझ्या हातावर थोपटलं. ओरडून सांगितलं असतं तर त्यांची सकाळ मोडली असती, आणि आजूबाजूच्या वीस जणांचीही. फोन वर करणारा माणूस बहुधा गाण्याचा शत्रू नसतो. त्याला ते कुणाला तरी द्यायचं असतं, फक्त कधी द्यायचं हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

सकाळी ६.२५

ताईंनी साथीदारांकडे बघून मान हलवली आणि द्रुत तीनतालात नवी बंदिश धरली. तीन-चार आवर्तनं सुरेख गेली. मग एक लांब तान, तिच्या टोकाला मुखडा पकडायचा होता आणि तो निसटला. सम पुढे निघून गेली. ताईंनी तबलजींकडे पाहिलं, दोघंही मोकळेपणाने हसले, सगळं सभागृह हसलं. एक आवर्तन जाऊ दिलं, तीच तान पुन्हा, आणि या वेळी मुखडा असा समेवर येऊन बसला की लोक खुर्चीतून उठायचेच बाकी होते.

त्या हसण्याचा फोटो माझ्याकडे आहे. लोकांचं हसू इतकं मोठं होतं की शटर कुणाला ऐकू गेलं नाही.

सकाळी ८.३०

तोडी झाली, दोन नाट्यगीतं झाली, आणि निवेदिकेने सांगितलं, आता फोन काढा. अख्खं सभागृह उजळलं. ताई प्रेक्षकांकडे बघून, हसून अभंग गात होत्या. काका कोपऱ्यात उभे राहून लेकीला दाखवत होते. दर वर्षीप्रमाणे यंदाही पाहिलं, अर्ध्या-एक मिनिटाने बरेच फोन आपणहून खाली आले, कारण लोकांना टाळ्यांनी ठेका धरायचा होता. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात.

सकाळी ९.१५

ग्रीन रूमबाहेर रांग. तीन तास गायलेलं माणूस घामाने भिजलेलं असतं, तहानलेलं असतं. दहा मिनिटं दार बंद ठेवायचं, हे आमचं ठरलेलं आहे. मग एकेक. सेल्फी घेण्याआधी विचारायचं, खांद्यावर हात टाकायचा नाही, आणि मैफलीआधी तर कुणीही फोटोसाठी आत यायचं नाही. त्या वेळी कलाकाराच्या डोक्यात राग चालू असतो.

रांगेत शेवटी गाणं शिकणारी एक मुलगी होती. रडवेली. “ताई, मी नवी बंदिश फोनवर घेतली. पडदा खाली करून, मांडीवर ठेवून. फक्त आवाज. तुम्हाला न सांगता ठेवणं बरं वाटेना. पुसून टाकू?”

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. “ठेव. पण कुणाला पाठवू नकोस. अजून कच्ची आहे. पक्की झाली की ये, मी शिकवते.”

दुपारी १२.००

फराळ झाला. चकली तोंडात, फोटो पडद्यावर. ६३२ फोटोंतून ४० ठेवायचे आहेत. तान घेताना जबडा वाकडा होतो, डोळे ताणले जातात, हात कुठेतरी जातो. गाताना हे सगळं सुंदर असतं, कारण त्याच्याबरोबर स्वर असतो. फोटोत स्वर नसतो, उरतो तो नुसता वाकडा चेहरा. असे फोटो मी कुणालाही देत नाही, स्वतःजवळही ठेवत नाही. फोटो काढताना पाळलेला शिष्टाचार निवडतानाही पाळावा लागतो.

मन मात्र त्या मुलीकडे जातं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क आले, आणि आज त्यांची मुदत ५० वर्षं आहे. त्याच कायद्याचं ३९वं कलम सांगतं की स्वतःपुरतं, किंवा खरोखरीच्या शिक्षण-संशोधनासाठी केलेलं मुद्रण हा हक्कभंग नाही. म्हणजे कायद्याने तिचं चुकलेलं नव्हतं, तरी ती सांगायला आली. कायदा जिथे थांबतो तिथून पुढचं काम शिष्टाचाराचं.

आणि मुद्रण झालंच नसतं तर? जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब, ज्यांनी पुण्यात भारत गायन समाज उभा केला ते भास्करबुवा बखले, या दोघांचं गाणं मुद्रित स्वरूपात आपल्यापर्यंत आलेलं नाही. शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतून जे आलं तेवढंच. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतला आवाज मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागला, कारण तो तबकडीवर होता. मी फोटो काढते, म्हणजे जपून ठेवण्याच्या बाजूचीच आहे. माझं म्हणणं इतकंच की जपायचं ते विचारून.

संध्याकाळी ६.३०

एका जुन्या रसिकांच्या घरी बैठक. चाळीस माणसं, माइक नाही, सतरंजी आणि समया. इथे मी कॅमेरा बॅगेतून काढतच नाही. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, पण एखाद्या तपशिलावर झूम करून काढलं तेव्हा आठवण टिकली. माझा अनुभव याला जुळतो. बावीस वर्षांतले चेहरे मला बारीकसारीक आठवतात, गाणं तेवढं आठवत नाही. म्हणून वर्षातून काही संध्याकाळी मी नुसत्या कानांसाठी ठेवते.

यजमानांच्या कपाटात त्यांच्या वडिलांनी घरच्या बैठकींत केलेल्या मुद्रणांची स्पूलं आहेत. प्रत्येक खोक्यावर तारीख, राग आणि वडिलांच्या अक्षरात एक ओळ : बुवांच्या परवानगीने. काही खोक्यांवर पुढे लिहिलंय, घराबाहेर द्यायचं नाही. ती आजही घराबाहेर गेलेली नाहीत, ऐकायचं तर इथे येऊन ऐकायचं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९८४ साली मुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून दिली. देवाणघेवाण करा, विकू नका, एवढीच अट. रॉक ऐकणारं अमेरिकेतलं सभागृह काय आणि पुण्यातलं हे कपाट काय, कलाकाराने हो म्हटलं आणि ऐकणाऱ्याने त्या होकाराची मर्यादा पाळली की दोघांमध्ये विश्वास तयार होतो.

रात्री १०.४०

निवडलेले फोटो आयोजकांना पाठवले. एकोणचाळीस. चाळिसावा, तो हसण्याचा, आधी ताईंना पाठवला. खाली लिहिलं, “मुखडा हुकला तेव्हाचा आहे. आजच्या सकाळचा सगळ्यात चांगला. देऊ का बाहेर?”

पाच मिनिटांत उत्तर आलं. “मला फार आवडला. माझी हरकत नाही. पण त्यात तबलजीपण आहेत. त्यांनाही विचार.”

मी तो त्यांनाही पाठवला. ते मुंबईच्या गाडीत असतील. उत्तर सकाळी येईल, तोवर फोटो माझ्याकडेच थांबेल.