वॅगन पाहावी मागून!

हॅचबॅकच्या डिकीत काही मावत नाही आणि एसयूव्ही आपल्या खिशात मावत नाही. मग कमी बजेटमध्ये एखादी सेकंडहँड स्टेशन वॅगन का नको? प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये जावं लागेल.

शनिवारची सकाळ. कुर्ला पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत माझा मित्र उभा आहे. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मेजर टेप. समोर एक जुनी फियाट वीकएंड. लोक गाडीला चक्कर मारतात, टायरला लाथ मारतात. हा पठ्ठ्या डिकी उघडून माप घेतोय!

कारण त्याच्याकडे आहे. आईच्या पायाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. व्हीलचेअर घडीची असली तरी तिला जागा लागतेच. टॅक्सी थांबवली की ठरलेलं वाक्य, "डिक्की में सिलेंडर है, साहब." मग व्हीलचेअर पुढच्या सीटवर, आई आणि मुलगा मागे अवघडून. तीन वेळा असं झाल्यावर त्याने ठरवलं, बस्स, आता स्वतःची गाडी. नोकरी बीकेसीत, घराचा ईएमआय चालू, बजेट चार लाख. "त्यात सगळं. म्हणजे अगदी सगळं," हे त्याने मला दोनदा बजावलं.

आणि वीकएंडच का? तर त्याचे बाबा प्रीमियरमध्ये कामाला होते.

मेड इन कुर्ला

आज मॉल आणि टॉवरसाठी ओळखलं जाणारं कुर्ला एकेकाळी गाड्यांचं गाव होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. आपली लाडकी पद्मिनी इथलीच. तिची शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा अर्ध्या शहराने तिच्यासोबत फोटो काढून घेतले. पुढे फियाटच्या उनो, सिएना आणि सचिन तेंडुलकरने जाहिरात केलेली २००१ ची पॅलिओ या गाड्याही कुर्ल्यातच बनल्या. सिएनाचीच स्टेशन वॅगन म्हणजे ही वीकएंड. नंतर फियाटचं उत्पादन पुण्याजवळच्या रांजणगावला गेलं. प्रीमियरच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. कारखान्याची आठवण उरली ती प्रीमियर रोडच्या नावात.

वॅगन म्हणजे काय, तर सेडानचंच टप थेट मागपर्यंत नेलेली गाडी. डिकी वेगळी नाही, मागचा दरवाजा वर उघडतो, सीट पाडली की सपाट जागा. भारतात असे प्रयोग बरेच झाले. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली. मग मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आणि २००४ मध्ये टाटा इंडिगो मरीना. एकीचंही बस्तान बसलं नाही. आपल्याकडे डिकी बाहेर आलेली दिसली की ती 'मोठी गाडी'. वॅगन दिसली की पहिली कॉमेंट, "अँब्युलन्स घेतलीस का?" सामानाचं म्हणाल, तर त्यासाठी टपावरचं कॅरियर होतंच.

उरलंसुरलं काम करांनी केलं. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांची एक्साइज ड्युटी २४ वरून १६ टक्क्यांवर आली. कंपन्यांनी लगेच गाड्या आखूड करायला घेतल्या. वॅगनचा तर सगळा फंडाच लांबीचा! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी चार मीटरची ती रेघ तशीच राहिली. म्हणून आज स्वस्तातली वॅगन हवी असेल तर ती जुनीच मिळते. आणि जुनी म्हटलं की डोळे उघडे हवेत.

पुढून सेडान, मागून अनाथ

वीकएंडचं इंजिन एका दमात सुरू झालं. एसी थंड. मालक मागत होता नव्वद हजार. मित्राचे डोळे चमकले. "बाबांच्या हाताखालून गेली असेल रे ही," तो म्हणाला.

मेकॅनिक चाचांनी शांतपणे मागच्या फुटलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं. "इंजिनाचं काम सांगा, दोन दिवसांत करून देतो. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, सगळं पॅलिओ-सिएनाचं चालतं. पण हा दिवा आणि ही काच फक्त हिचीच."

इथे आहे जुन्या वॅगनची खरी गोम. तिचा पुढचा अर्धा भाग एखाद्या खपाच्या गाडीचा असतो, त्यामुळे पार्ट मिळतात. मरीनाला इंडिगो आणि इंडिकाचे, अल्टुराला बलेनो सेडानचे. पण मागचा अर्धा भाग फक्त तिचा. मागचा दरवाजा, मोठी काच, दिवे, रबर, दरवाजा उचलून धरणारे गॅसचे शॉकअप, मागच्या बाजूच्या खिडक्या. गाडी कमी खपली, म्हणजे हे पार्टही कमीच बनले. कुर्ला-कलिना सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत चाचांनी चार फोन लावले. दिवा मिळाला का? तीन आठवडे झाले, अजून शोध चालू आहे.

म्हणून घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून आणि वॅगन पाहावी मागून! बॉनेट नंतर उघडा. आधी मागचा दरवाजा उघडून सोडून द्या. तो आपोआप खाली येत असेल तर शॉकअप गेलेत. कडेच्या रबराखाली बोट फिरवा, तिथे गंज लपतो. काचेवर तडा, दिव्यात पाणी, नंबरप्लेटच्या वरच्या पत्र्याला पॅचवर्क, असं काही दिसलं तर ते बदलायला काय लागेल हे आधी विचारा. किमतीची घासाघीस त्यानंतर.

२६ जुलै आठवतोय?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ल्यात घुसली आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधीची कुठलीही मुंबईतली वॅगन त्या दिवशी कुठे उभी होती, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. नंतरच्या गाड्याही सुटल्या नाहीत, कारण एलबीएस मार्गावर पाणी दर पावसाळ्यात साचतं.

पाण्यात गेलेली गाडी पॉलिशने चकाचक दिसते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातकट डाग सापडेल. कार्पेट उचलून बघा, सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का? स्टेपनीच्या खड्ड्यात चिखलाची रेघ आहे का? काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास आला आणि विक्रेता एअर फ्रेशनरची तारीफ करायला लागला, तर नमस्कार करून निघा.

कागद आधी, गाडी मग

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. नंतर फिटनेस तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ती १०,००० रुपये झाली. म्हणजे नव्वद हजारांची गाडी नव्वद हजारांत पडत नाही. त्यात २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासून घ्यायलाच हवेत.

आणि ट्रान्स्फर! "सही झालीय, नंतर करून देतो," म्हणणाऱ्या एजंटवर विसंबू नका. गाडी कुणीही चालवत असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. म्हणून ट्रान्स्फर विकणाऱ्याच्याही फायद्याची असते, हे त्याला सांगा. तो हलेल!

मग घेतलं काय?

वीकएंड राहिली. "छंद म्हणून घे, खुशाल घे," चाचा म्हणाले. "पण आईंना आठवड्यातून तीनदा न्यायचंय ना? ही एका दिव्यासाठी महिनाभर उभी राहिली तर?"

मित्र दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी आईनेच विषय काढला. "अरे, बाबांनी तिथे गाड्या बनवल्या त्या लोकांना वेळेवर पोचवायला. संग्रहालयात ठेवायला नाही. मला घेऊन जाईल अशी बघ."

मग शोध सुरू झाला वॅगनसारख्या वागणाऱ्या गाड्यांचा. २०१२ ची मारुती अर्टिगा, २०१४ ची होंडा मोबिलिओ, २०१५ च्या रेनॉ लॉजी आणि डॅटसन गो प्लस. कागदावर या एमपीव्ही, पण मागची रांग पाडली की जागा वॅगनचीच. यातल्या बाकी तिन्ही बाजारातून गेल्या, डॅटसन हा ब्रँडच २०२२ मध्ये भारतातून गेला. अर्टिगा मात्र टॅक्सीपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे तिचे पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात. घाटकोपरच्या एका काकांकडून त्याने २०१३ ची पेट्रोल अर्टिगा घेतली, साडेतीन लाखांत. उरलेल्या पन्नास हजारांत टायर, बॅटरी, क्लच, इन्शुरन्स आणि ट्रान्स्फर. २०२८ मध्ये रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण येणार, हेही त्याने आत्ताच लिहून ठेवलंय.

व्हीलचेअर सीट पाडून आडवी बसते. मंगळवारी पहिली फेरी झाली. प्रीमियर रोडच्या सिग्नलला आई म्हणाली, "जरा हळू घे." बस्स, एवढंच. तिने खिडकीबाहेर बघितलं, त्याने गिअर टाकला, आणि दोघं फिजिओला दहा मिनिटं आधी पोचले.

निघण्याआधी हे खिशात ठेवा

१. जे सामान रोज न्यायचं, ते घेऊनच गाडी बघायला जा. डिकीच्या तोंडाची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची मोजा. आतल्या लिटरचे आकडे फसवतात.

२. बजेटचा सातवा-आठवा हिस्सा बाजूला काढा. घेतल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत तो लागतोच.

३. इंजिन गार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच बॉनेट गरम असेल, तर का ते विचारा.

४. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदलायचाच आहे असं धरून चाला.

५. टायरवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. "टायर नवीनच आहेत" या वाक्याची तिथेच परीक्षा होते.

६. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आहे का आणि दर तीन वर्षांची सिलेंडरची हायड्रो टेस्ट झालीय का, ते बघा. सिलेंडरने डिकी किती खाल्ली, तेही.

७. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. वैधतेची तारीख, थकलेली ई-चलानं आणि कर्जाचा बोजा तपासा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा.

८. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, अर्ज लगेच करा. कुर्ल्यात राहत असाल तर तुमचं आरटीओ वडाळा, एमएच ०३. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

आणि हो, गाडीच्या प्रेमात जरूर पडा. पण ट्रान्स्फर झाल्यावर!