सदोष हातांची मदत

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही मराठीतील फार धारदार म्हण आहे. ढोंगी उपदेशकाचे सोंग उघडे पाडण्यासाठी ती उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु व्यवहारात तिचा उपयोग भलत्याच कामी होत आला आहे. ज्याला स्वतःचा राग आवरत नाही त्याने दुसऱ्याच्या मुलांना शिकवू नये, ज्याच्या घरात कलह आहे त्याने शेजाऱ्यांचे भांडण सोडवायला जाऊ नये, जो एकेकाळी दारूच्या आहारी गेला होता त्याने दुसऱ्याला दारू सोडण्यास सांगू नये, असे बजावण्यासाठी ती सर्रास वापरली जाते. सर्वांत अधिक वेळा तर माणूस ती स्वतःलाच ऐकवतो. ‘आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत?’ एवढे म्हटले की मदतीचा हात आखडता घेता येतो आणि वर विनयशीलतेचे श्रेयही पदरात पडते.

स्वतःत उणिवा असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मदतीला जावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही. आधी निर्दोष होऊन मगच परोपकाराला हात घालायचा असे ठरले, तर परोपकाराचा दिवस कधी उजाडायचाच नाही. उलट, मदत केली एवढ्याने मदत करणाऱ्याचे सर्व दोष माफ होतात असे मानले, तर मदत घेणाऱ्याने किती सोसायचे याला मर्यादा राहणार नाही. या दोन टोकांमधील वाट कोणती, हे पाहायचे असेल तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या कल्याणकडे वळावे लागते.

मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. गाडीबरोबर टपाल आले, सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्या आल्या, इंग्रजी आली. पण मुलींचे शिक्षण या गाडीने आले नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचा जन्म १८६५ चा. नऊ वर्षांची असताना, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी या टपाल खात्यातील विधुर कारकुनाशी झाले. वर वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवण्याची मुभा असावी, अशी अट त्यांनी घातली होती, असे चरित्रांत सांगितले जाते. यमुनेची आनंदी झाली आणि तिचे शिक्षण सुरू झाले. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांच्या वाटेवर ते चालू राहिले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांत गेला. आपण डॉक्टर व्हावे, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून झाला.

हा निश्चय पार पडला त्यात गोपाळरावांचा वाटा निर्विवाद आहे. पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिले. त्या पत्रात स्वतःसाठी तिकडे काही नोकरी मिळावी ही इच्छाही होती. म्हणजे हेतू अगदी सोवळा नव्हता. वाइल्डर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचे सुचवले. म्हणजे मदतीच्या बदल्यात मागणेही होते. पण हा पत्रव्यवहार छापला गेला आणि १८८० साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेस दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना पडला. ओळख ना देख, तरी त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे स्वतःच्या घराचे दार उघडले. एप्रिल १८८३ मध्ये, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या. प्रकृती तेव्हाही धड नव्हती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

येथपर्यंतची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ती घराघरांत नेली, २०१९ च्या चित्रपटाने ती नव्या पिढीला सांगितली. परंतु या कथेला एक दुसरा रकाना आहे, आणि तो खुद्द आनंदीबाईंनीच भरून ठेवला आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या बालपणाचा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी बसलेला लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि टाकून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी इतर विचित्र शिक्षा, यांची त्यांनी वर्षवार नोंद केली. आणि मग आपल्याला मिळालेली वागणूक बरी की वाईट, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते: दोन्ही. अंतिम हेतू पाहता ती योग्य ठरेल. पण एका लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहता ती अयोग्य होती, हे न्यायाने मान्य करावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हिंदू पत्नीला तोंड उघडण्याचा अधिकार नसल्याने ते सारे निमूटपणे सोसण्याखेरीज आपल्यापुढे मार्ग नव्हता, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

विशीच्या आसपासच्या या मुलीने जो न्याय केला, तो नंतरच्या वाचकांना क्वचितच जमला. एका पक्षाने गोपाळरावांना स्त्रीशिक्षणाचा विक्षिप्त पण थोर पुरस्कर्ता ठरवून मारझोडीला ‘तळमळ’ असे गोंडस नाव दिले. दुसऱ्या पक्षाने मारझोड पुढे करून त्यांची सारी धडपड अहंकाराच्या खाती जमा केली. दोघांनाही एकच रकाना हवा होता. आनंदीबाईंनी जमेची बाजू पुसली नाही आणि खर्चाची बाजू झाकली नाही.

या हिशेबातून पहिला धडा निघतो तो असा. त्या काळच्या कल्याणात गोपाळरावांहून शांत, सौम्य, घरात आवाज न चढवणारे गृहस्थ अनेक असणारच. पण त्यांच्यापैकी कोणी आपल्या पत्नीला साता समुद्रापलीकडे वैद्यक शिकायला धाडले नाही. निष्क्रिय सज्जनपणाच्या हातून दोष घडत नाहीत, तसे आणखीही काही घडत नाही. ‘मी आधी सुधारतो, मग पाहतो’ म्हणणाऱ्याचे वाट पाहणे फुकट नसते. त्याची किंमत ज्याला आज मदत हवी आहे तो मोजत असतो.

परंतु दुसरा धडा तितकाच निकडीचा आहे. गोपाळरावांच्या संतापाची किंमत गोपाळरावांनी मोजली नाही. ती आनंदीबाईंनी मोजली. याचे कारण संताप हा दोष मोठा होता एवढेच नव्हे. शिकणारी मुलगी शिकवणाऱ्याच्याच घरात, त्याच्याच अन्नावर होती आणि रूढीने तिला बाहेरची वाट ठेवलेली नव्हती. सदोष माणसाची मदत धोक्याची ठरते ती अशा ठिकाणी. एखादा शीघ्रकोपी शिक्षक विद्यार्थ्याला नकोसा झाला तर विद्यार्थी दुसऱ्या शिकवणीला जाऊ शकतो. नऊ वर्षांची पत्नी कुठे जाणार? मदत करणाऱ्याचे दोष मोजताना म्हणूनच त्याची मदत घेणाऱ्यावर सत्ता किती आहे, हेही मोजले पाहिजे. सत्ता जितकी अधिक, तितकी स्वतःच्या दोषावर नजर अधिक कडक हवी.

आपल्या दोषाची जाणीव मदत करणाऱ्याला असेल, आणि ती त्याने उघडपणे सांगितली असेल, तर काय घडते? याचे उत्तर देणारा एक मोठा प्रयोग विसाव्या शतकात झाला आणि त्याची शाखा आज ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातही आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतीलच अॅक्रन या गावी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात उभ्या असलेल्या त्याला शेजारचा बार खुणावू लागला. त्याने बारकडे न जाता टेलिफोन उचलला आणि या गावात आपल्यासारखा एखादा दारुडा आहे का, याची चौकशी केली. त्यातून त्याची गाठ पडली ती रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशी. स्मिथ यांनी उपदेश पुष्कळ ऐकले होते. पण समोरचा माणूस स्वतःची दुर्दशा सांगत होता, आणि तीही स्वतःच्या बचावासाठी. त्या वर्षीच्या १० जूनला स्मिथ यांनी अखेरचा प्याला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या संघटनेच्या सभेत बोलणारा प्रत्येकजण आधी स्वतः मद्यपी असल्याचे सांगतो आणि मगच पुढे बोलतो. नवख्याला हात देणारा हा कालपरवापर्यंत त्याच चिखलात होता, आणि पाय घसरला तर उद्या पुन्हा तेथेच असेल, हे दोघांनाही ठाऊक असते. येथे फी नाही आणि पदांची उतरंडही नाही. नको वाटले तर उठून जाण्याची मोकळीक आहे. ज्यांना आपल्या व्यसनाने दुखावले त्यांची यादी करून, शक्य तेथे भरपाई करणे, हाही त्यांच्या बारा पायऱ्यांचा भाग आहे. म्हणजे दोष नुसता सांगून भागत नाही, तो फेडावा लागतो. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. अनिता अवचट यांनी बरे झालेल्या रुग्णांना समुपदेशक म्हणून उभे केले, ते याच सूत्राला धरून. मुक्तांगणच्या कामाशी जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. मनोविकारग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना तेथे ‘शुभंकर’ म्हणतात. स्वतः थकलेली, कधी चिडलेली ही माणसे स्वमदत गटांत एकमेकांना आधार देतात. आपण थकलो आहोत हे लपवावे लागत नाही, म्हणूनच तो आधार खरा असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आपला दोष कबूल करणे आणि दोषाचा परवाना काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘माझा स्वभावच असा, पण मन स्वच्छ आहे’ हे वाक्य कित्येक घरांत आणि कार्यालयांत रोज ऐकू येते. ते कबुलीसारखे दिसते, पण असते बजावणी: सोसायचे तुम्ही, बदलायचे मी नाही. कबुली खरी की खोटी, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. तिच्यानंतर समोरच्या माणसाला बोलता येते की नाही, एवढेच पाहावे.

आनंदीबाई बोलल्या, पण त्यासाठी त्यांना हजारो मैलांचे अंतर लागले. मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने त्यांना ग्रासले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना स्वीकारता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. नवऱ्याच्या वागणुकीवरील त्यांचा निर्णय मात्र मराठी वाचकांसाठी मागे राहिला आहे.

कल्याणहून, डोंबिवलीहून, ठाण्याहून रोज लाखो माणसे गाडीला लोंबकळत मुंबईला जातात आणि रात्री शिणून परततात. त्यांच्यातील कोणी रविवारी वस्तीतील मुलांना गणित शिकवू पाहतो, कोणी शेजारच्या आजारी वृद्धाची औषधे आणून देऊ पाहते. यांतील एकही जण निर्दोष नाही. त्यांच्या संतापाला, आळसाला, मोठेपणाच्या हौसेला ती म्हण दाखवून घरी बसवणे सोपे आहे. पण मग मुलांचे गणित राहील आणि वृद्धाची औषधेही राहतील. त्यांनी जरूर जावे. फक्त ज्याला मदत केली त्याने कधी दुसरा रकाना भरायला घेतला, तर त्याला ‘कृतघ्न’ म्हणून गप्प करू नये. आनंदीबाईंनी हिशेब मागितला म्हणून त्यांची कृतज्ञता कमी झाली नव्हती.