ट्रेलरवरच्या नावेचा तोल

अमेरिकेत मोटारीमागे ओढली जाणारी 26 फुटी शिडाची नाव पाहिली, की प्रश्न पडतो : ती उलटू नये म्हणून लागणारं जड नीरम रस्त्यावर जातं कुठे?

‘मॅकग्रेगर 26एम’ या अशाच एका नावेत ते बहुतांशी पाणीच असतं. नाव उतरवली, झडप उघडली, की तळाच्या टाकीत सुमारे 520 किलो पाणी शिरतं. वाऱ्याने नाव कलली, की टाकीची वर उचललेली बाजू तिला पुन्हा खाली खेचते. टाकी काठोकाठच भरायला हवी. अर्ध्या कळशीसारखं पाणी हिंदकळलं, तर तोल आणखी बिघडतो.

परतताना पाणी सोडून द्यायचं. हलकी झालेली नाव मोटारीमागे ओढून घरी नेता येते, म्हणून धक्क्याचं भाडं वाचतं, दूरची सरोवरंही आवाक्यात येतात.

पण इतर नावांत नीरम म्हणून वापरलं जाणारं शिसं पाण्याच्या अकरापट जड. नावेच्या तळाखाली असणाऱ्या शिशाच्या खोल कण्याचा भक्कमपणा इथे मिळत नाही. खवळलेल्या समुद्रापेक्षा खाड्याच हिला मानवतात.