परदेशातला आवाज : मीटर, मोबाइल आणि नाती

आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत एक काळ असा होता, की सौदी-कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत खजूर आणि अत्तराबरोबर चार-पाच कॅसेटही असायच्या. तिकडे राहिलेल्या सोबत्यांनी त्यात आपापल्या घरच्यांसाठी सलाम-दुआ भरून दिलेली असे. घरची मंडळी टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकत आणि उलट बाजूवर उत्तर भरून पाठवत.

पुढे एस.टी.डी.-आय.एस.डी. बूथ आले. काचेच्या दारामागे रिसीव्हर कानाला आणि डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर. आकडे पळू लागले की निम्म्या गोष्टी पोटातच राहत. अम्मीची तब्येत विचारेपर्यंत पैसे संपायचे!

हे बोलणे इतके महाग का होते? जुन्या पद्धतीत कॉल लागला की दोन टोकांमध्ये एक वाट पूर्ण वेळ राखून ठेवली जाई. तुम्ही गप्प बसलात तरी वाट अडलेली, म्हणून मीटर चालूच. शिवाय परदेशी कंपनीला तिचा वाटा द्यावा लागे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कॉलची मक्तेदारी २००२ पर्यंत सरकारी व्ही.एस.एन.एल.कडे होती. स्पर्धक नसेल तर दर उतरणार कसे?

इंटरनेटने हा हिशेबच बदलला. यात आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते ई-मेल किंवा छायाचित्रांसारखेच सामाईक वाटेने जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. इथे पैसे अंतराचे नसून डेटाचे असतात. साध्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एम.बी. पुरतो, म्हणजे तासाला तीसेक एम.बी. मग पलीकडचा माणूस चिपळूणला असो की जेद्दाला!

२००३ मध्ये आलेल्या स्काइपने ही सोय घराघरांत नेली. संगणकावर अब्बांचा चेहरा पहिल्यांदा पाहिलेली मुले आज स्वतः आई-बाप झाली आहेत. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल आला, पुढच्या वर्षी व्हिडिओही. स्काइप मात्र मे २०२५ मध्ये बंद झाले. जुन्या कंपन्यांना घाम फोडणारी सेवाही नव्यांपुढे टिकली नाही.

टेलिफोन कंपन्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. टॉवर आम्ही उभारायचे, परवान्याचे आणि लहरींचे पैसे आम्ही भरायचे आणि कॉलचा धंदा मात्र ॲपवाल्यांनी न्यायचा, ही त्यांची तक्रार. ग्राहकाचे उत्तर सोपे आहे : डेटाचे पैसे एकदा दिले, आता त्यातून मी काय करतो याचे वेगळे पैसे का? डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि लोकांचा विरोध पाहून मागे घेतला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. त्याच सप्टेंबरात जिओ आले आणि देशातले बोलणे जवळजवळ फुकटच झाले.

आखातात मात्र चित्र वेगळे आहे. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये नियमांत बसणाऱ्या इंटरनेट कॉलवरील बंदी उठवली. अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश चालतात, पण कॉल अडवलेले असतात. तिथे मंजूर ॲपच वापरावे लागते. २०१८ च्या सुरुवातीला बोटिमसारखी ॲप मंजूर झाली, तेव्हा मोबाइलसाठी महिन्याला ५० दिऱ्हामचा प्लॅन होता. मोठ्या साहेबाला हे काहीच नाही, पण खोलीत आठ जणांसोबत राहून घरी पैसे पाठवणाऱ्या मजुराला तो खर्च मोजूनच करावा लागतो.

मग काही मुले व्ही.पी.एन. लावून बंदी चुकवतात. घरची माणसेही म्हणतात, "सगळेच करतात, तूही कर ना!" त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, असा आग्रह धरू नका. व्ही.पी.एन.आडून गुन्हा केल्यास तिथल्या कायद्यात किमान पाच लाख दिऱ्हामचा दंड आहे. आणि भीती बाजूला ठेवली, तरी ज्या देशाच्या अटी मान्य करून आपण रोजी कमावतो, तिथला करार पाळणे ही आपल्या दीनचीच शिकवण आहे. मंजूर ॲप घ्यावे, खर्च घरच्या बजेटमध्ये धरावा.

इकडेही दोन गोष्टी लक्षात असू द्या. ॲपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही, म्हणून वृद्धांच्या मोबाइलवर साध्या कॉलचा रिचार्ज हवाच. आणि अनोळखी व्हिडिओ कॉलवर कुणी पोलीस बनून धमकावू लागला, तर फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा.

शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारू या. मीटर पळत होते तेव्हा आपण मोजके बोलायचो, पण खाला, फूफी, शेजारी सगळ्यांची खबर घ्यायचो. आता मीटर नाही, तरी गावातल्या फूफीला शेवटचा फोन कधी केला ते आठवत नाही. सिला-रहमी म्हणजे नाती जोडून ठेवणे. त्याला आज पैशांची अडचण उरलेली नाही. ज्यांच्याकडे कॉल लागत नाही, त्यांच्यासाठी व्हॉइस नोट आहेच. ती आपली जुनी कॅसेटच समजा. आज रात्री एक भरून पाठवा.