रद्दीत जाता जाता वाचलेलं पुस्तक

परवा कँटीनमध्ये विषय निघाला, 'तुझं फेव्हरेट पुस्तक कोणतं?' लगेच सगळे सावरून बसले. एकाने 'सेपियन्स' सांगितलं, दुसरीने 'इकिगाई'. मीही मुराकामीचं नाव ठोकून दिलं. (खरं सांगू? चाळीस पानंच वाचलीत.) तेवढ्यात वडापाव खाता खाता एक जण म्हणाला, 'माझं फास्टर फेणे.'

दोन सेकंद शांतता. आणि मग जो काही कल्ला झाला!

फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याचं विद्याभवन, ती सायकल आणि तोंडातून निघणारं 'टॉक्'! भा. रा. भागवतांच्या या पोराने आमच्या टेबलावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी रात्री जागवलं होतं. काहींना तो २०१७च्या सिनेमात अमेय वाघच्या रूपात भेटला आणि मग त्यांनी पुस्तकं शोधली. बीएडला जायचं ठरवलेली मैत्रीण म्हणाली, 'माझं तोत्तोचान.' तेत्सुको कुरोयानागी यांच्या या पुस्तकातली शाळा भरते आगगाडीच्या डब्यांत. पण तिच्या लक्षात राहिले ते मुख्याध्यापक कोबायाशी. पहिल्याच दिवशी ते त्या चिमुरडीची बडबड चार तास ऐकून घेतात. 'माझं एवढं कोणी ऐकलंच नव्हतं गं,' ती म्हणाली. त्यावर कुणालाच काही बोलता येईना.

हे सगळं डोक्यात घेऊन दिवाळीत घरी गेले, तर दारात रद्दीचा गठ्ठा. त्यात माझी जुनी पुस्तकं. तळाशी 'श्यामची आई'. लहानपणी मला हे पुस्तक अजिबात आवडायचं नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, ते वाचून तर मी चिडलेच होते. ही कसली आई?

सहज उघडलं. पहिल्या पानावर चिकटवलेला, पिवळा पडलेला कागद : निबंध स्पर्धा, इयत्ता सातवी, द्वितीय क्रमांक. खाली आईचं माहेरचं नाव.

माझी आई निबंध लिहायची? मला वीस वर्षांत कधी कळलंच नाही. विचारलं तर म्हणाली, 'अगं, तेव्हा लिहायचे. नंतर कुठे वेळ?' आणि चकल्या तळायला निघून गेली.

त्या रात्री पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी माझं लक्ष सांगणाऱ्याकडे गेलं. १९३३ साली साने गुरुजींनी हे लिहिलं तेव्हा ते नाशिकच्या तुरुंगात होते. वय अवघं ३३. आई केव्हाच गेलेली. म्हणजे मी ज्याला 'संस्कारांचं पुस्तक' म्हणून बाजूला ठेवलं, ते एका तरुण कैद्याने आईला आठवत लिहिलं होतं. विहिरीचा प्रसंगही वेगळा वाटला. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, म्हणून ती कठोर झाली होती. अर्थात मारणं मला आजही पटत नाही, पण आता तिचीही बाजू दिसते.

पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदलले ते मी. दहाव्या वर्षी मी श्याम होऊन वाचलं, आता त्याची आई दिसली. आणि माझी स्वतःचीही.

म्हणून सांगते, पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा रद्दीवाल्याच्या आधी त्या गठ्ठ्यापर्यंत पोचा. एखादं पुस्तक परत वाचा. जमलं तर पहिलं पानही बघा, कुणाचं नाव आहे ते.

येताना आईला एक नवी वही देऊन आलेय. अजून तिने काही लिहिलेलं नाही. पण काल फोनवर विचारत होती, 'निळं पेन कुठे ठेवलंस गं तू?'