सशाचे केस विंचरण्यासाठी टेबल

कुत्र्याचे केस विंचरण्यासाठी बनविलेले टेबल सशालाही चालेल, असे समजणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत घातक ठरू शकते. त्या टेबलाला एका बाजूस उभा दांडा असतो व दांड्याला टांगलेला फास कुत्र्याच्या गळ्यात अडकवितात. सशाला असे बांधले की तो दचकून उसळी घेतो आणि मान किंवा पाठ दुखावून घेतो. याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. सशाच्या हाडांचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे ८ टक्केच भरते. मांजरात हे प्रमाण १२ ते १३ टक्के असते. उलट मागील पायांचे स्नायू मात्र अतिशय बलवान. मागचा भाग निराधार लोंबकळत असताना त्याने जोराने लाथ झाडली, तर कमरेचा मणका मोडू शकतो. त्यासाठी तो खाली पडावा लागतोच असे नाही. असा ससा बहुधा पुन्हा चालू शकत नाही.

म्हणून टेबल निवडताना प्रथम पाहावयाचा तो पृष्ठभाग. सशाच्या तळपायांना कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या नसतात, तेथे केसच असतात. बंगळूरच्या घरांतील ग्रॅनाइटचा ओटा किंवा सनमायका लावलेले जेवणाचे टेबल आपणास स्वच्छ वाटते; सशाचे पाय मात्र त्यावरून घसरतात. घसरणारा ससा घाबरतो आणि घाबरलेला ससा उडी मारतो. पातळ रबरी चटई टेबलाला घट्ट बसवावी. फासेदार टॉवेल टाळावा, कारण त्यात नखे अडकतात. ससा अंग पसरून बसू शकेल इतकीच जागा असावी. अधिक मोकळी जागा म्हणजे पळण्यास वाव. टेबल डगमगत असेल तर ते सुबक असूनही निरुपयोगी होय.

उंची ही सशाची नव्हे, माणसाच्या पाठीची गरज आहे. उभे राहून काम करणाऱ्याने कोपरापेक्षा थोडे खाली येणारे टेबल घ्यावे. पण ज्यांना मांडी घालून बसता येते, त्यांच्यासाठी चटई अंथरलेला चौरंग कोणत्याही विकतच्या टेबलाहून चांगला, असे मला वाटते. त्यावरून ससा निसटला तरी फार उंचावरून पडत नाही.

आखूड केसांच्या सशाला एरवी आठवड्यातून एकदा व केस झडण्याच्या काळात जवळजवळ रोज विंचरावे. अंगोरा जातीची गोष्ट निराळी. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या कुलू खोऱ्यातील गडसा येथील केंद्रात हे ससे थंड हवेत पाळतात. तेथेही लोकरीसाठी पाळलेल्या अंगोराची कातरणी साधारणतः वर्षातून चार वेळा करावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध असली, तरी एप्रिलमधील उष्मा लांब केसांच्या सशाला सोसत नाही. त्याचे केस आधीच आखूड करावेत. कातरताना त्वचा ओढू नये. ती इतकी पातळ असते की गाठीबरोबर फाटते.

विंचरताना एक हात सतत सशाच्या अंगावर असावा. दाराची घंटा वाजली तरी तो उचलू नये. ससा उताणा केला की निपचित पडतो. त्याला ते आवडते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती भीतीची प्रतिक्रिया आहे. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज तपासावा. तेथील केस ओले अथवा मळलेले राहिल्यास माश्या अंडी घालतात आणि थोड्याच काळात अळ्या मांस पोखरू लागतात. अळ्या दिसल्यास घरगुती उपाय न करता त्वरित पशुवैद्य गाठावा. सशाला आंघोळ घालू नये, तसेच कुत्र्यांच्या पिसवांवरील फिप्रोनिलयुक्त औषध लावू नये. ते सशाला विषारी असते.

पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार नखे असतात. काळ्या नखामागे विजेरी धरली की आतील रक्तवाहिनी दिसते. तिच्या अलीकडेच कापावे. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे.

पुष्कळ अपघात काम संपल्यावर होतात. पिंजरा दिसताच ससा हातातून झेप घेतो. यासाठी एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्यांखाली धरून त्याला आपल्या अंगाशी घ्यावे, त्याचे तोंड आपल्याकडे ठेवावे आणि पाठमोराच आत सोडावा.