शेअरबाजाराचा आलेख : वाचावा कसा आणि मानावा किती?

शेअरबाजार हा एके काळी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर चालणारा पैसेवाल्यांचा धंदा होता. गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून, शाळेतली शिक्षिका यांचा त्याच्याशी संबंध नसे. त्यांची शिल्लक पोस्टात, पतपेढीत किंवा प्रॉव्हिडंट फंडात असे. आज ही स्थिती राहिलेली नाही. मोबाईल फोनमुळे बाजार चाळीत, वस्तीत आणि खेड्यातल्या पारावर येऊन बसला आहे. शिकलेली मुले रात्री उशिरापर्यंत लाल-हिरव्या रेघा पाहत बसतात आणि आई-वडिलांना वाटते, परीक्षेचा अभ्यास चालला असावा. "न्यूयॉर्क वर बंद झाले, आज आपलाही बाजार चढणार. आलेख स्पष्ट सांगतोय," असे ती ठामपणे बोलतात.

आलेख नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे. कारण पणाला लागतो तो पैसा पुष्कळदा साऱ्या घराचा असतो.

तापाचा तक्ता

इस्पितळात रुग्णाच्या खाटेला एक तक्ता लावलेला असतो. सकाळी ताप किती, दुपारी किती, रात्री किती, याची नोंद ठेवून ठिपके जोडले जातात. ती रेघ पाहिली की ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे न शिकलेल्या माणसालाही कळते. पण ताप मलेरियाचा की विषमज्वराचा, हे त्या रेघेवरून ठरत नाही. उद्या सकाळी तो किती असेल, हेही ती रेघ सांगत नाही.

बाजाराचा आलेख असाच असतो. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर भाव. कंपनीचा नफा, देशाचे व्याजदर, युद्ध, दुष्काळ यांचा स्वतंत्र विचार न करता केवळ भाव आणि उलाढाल यांच्या नोंदीवरून बाजाराचा कल ओळखण्याच्या पद्धतीला तांत्रिक विश्लेषण म्हणतात. लाखो माणसांची आशा आणि भीती शेवटी भावातच उतरते, ही तिच्यामागची समजूत आहे.

मोबाईलवर दिसणाऱ्या लाल-हिरव्या कांड्यांची पद्धत जपानी आहे. जपानमध्ये ओसाका शहरातील दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये तेथील सत्तेने अधिकृत मान्यता दिली होती. तांदळाच्या व्यापाराच्या त्या परंपरेशी या कांड्यांचे नाते जोडले जाते. त्या मेणबत्तीसारख्या दिसतात. मेणबत्तीचे अंग म्हणजे उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव. वरखाली निघालेल्या वाती म्हणजे त्या मुदतीतला सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता भाव. यात कसलीही गूढ विद्या नाही.

भरती, लाटा आणि तरंग

पाश्चात्त्य देशांत या शास्त्राचा पाया चार्ल्स डाऊ या अमेरिकन पत्रकाराने घातला. 'वॉल स्ट्रीट जर्नल' हे दैनिक १८८९ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. १८८४ मध्ये त्यांनी ११ कंपन्यांच्या भावांची सरासरी काढली. त्यातल्या ९ कंपन्या रेल्वेच्या होत्या. पुढे २६ मे १८९६ रोजी १२ उद्योगांची सरासरी प्रसिद्ध झाली. हाच आज जगभर पाहिला जाणारा डाऊ जोन्स निर्देशांक.

डाऊ यांनी बाजाराला समुद्राची उपमा दिली. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर काठी रोवली, तर लाट कुठवर आली याची खूण करता येते. पुढच्या लाटा त्या खुणेच्या पुढे जात राहिल्या की भरती चालू आहे, मागे राहू लागल्या की ओहोटी लागली. वर्षावर्षांचा कल म्हणजे भरती-ओहोटी, काही आठवड्यांचे चढउतार म्हणजे लाटा आणि रोजचे हेलकावे म्हणजे नुसते तरंग. कारखान्यात बनलेला माल रेल्वेने जावाच लागतो, म्हणून कारखान्यांची आणि रेल्वेची अशा दोन्ही सरासऱ्या एकाच दिशेने चालल्या तरच कल पक्का मानावा, असा नियमही त्यांच्या विचारातून पुढे आला.

यातून घ्यायचा पहिला धडा असा की, रोजच्या तरंगांवर भरती ठरत नाही. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, दीड किंवा अडीच वाजता बंद होतो. त्याचा परिणाम सकाळी मुंबईवर दिसतो हे खरे, पण तो बहुधा बाजार उघडतानाच भावात उतरलेला असतो. त्याच्या भरवशावर पैसा लावणारा माणूस गाडी सुटल्यावर फलाटावर येतो.

अंक नव्हे, टक्के पाहा

वर्तमानपत्रे "बाजार हजार अंकांनी कोसळला" अशी शीर्षके देतात. परंतु १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ निर्देशांक ५०८ अंकांनी पडला, तेव्हा ती घसरण २२.६ टक्के होती. १६ मार्च २०२० रोजी तो २,९९७ अंकांनी पडला, ती घसरण १२.९ टक्के. आकडा सहापट, पण मार जवळजवळ निम्मा. म्हणून लांब मुदतीचा आलेख नेहमी टक्केवारीच्या मापावर पाहावा. साध्या मापावर जुने मोठे अपघात किरकोळ खाचांसारखे दिसतात आणि धोका लहान वाटू लागतो.

दुसरा हिशेब शाळेतल्या गणिताचा. १०० रुपयांचे ५० झाले की तोटा ५० टक्के. पण ५० चे पुन्हा १०० होण्यासाठी वाढ १०० टक्के लागते. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला डाऊ निर्देशांक ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर आला. म्हणजे ८९ टक्के घसरण. जुनी पातळी गाठायला नऊपट वाढ हवी होती आणि त्यासाठी नोव्हेंबर १९५४ उजाडावा लागला.

या तीन वर्षांत मधला एक टप्पा फार शिकवणारा आहे. नोव्हेंबर १९२९ मध्ये १९९ च्या आसपास आलेला निर्देशांक एप्रिल १९३० पर्यंत २९४ वर चढला. जवळजवळ ४८ टक्के वाढ! संकट टळले असे समजून अनेकांनी पुन्हा पैसा घातला. पण त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत १९९ ची आधारपातळीही मोडली. ती भरती नव्हती, ओहोटीतली एक मोठी लाट होती.

"थांबून राहा, बाजार कधी ना कधी वर जातोच," हे सांगणेही अर्धवट आहे. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ वर आला. जुना उच्चांक ओलांडला गेला तो २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. कारकून म्हणून नोकरीला लागलेला माणूस सेवानिवृत्त व्हावा, इतका हा काळ आहे.

एकच खूण, दोन निकाल

आलेख वाचणारे चालत्या सरासरीला फार महत्त्व देतात. गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची आणि रोज जुना दिवस सोडून नवा धरायचा. तशीच ५० दिवसांची. ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीखाली गेली की मंदीची खूण समजतात.

अमेरिकेच्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी निर्देशांकात ही खूण डिसेंबर २००७ मध्ये दिसली. निर्देशांक तेव्हा १,४८० च्या आसपास होता. पुढे जागतिक अरिष्ट आले आणि ९ मार्च २००९ रोजी तो ६७६ वर बंद झाला. जानेवारी २००८ मध्ये २०,००० च्या वर असलेला आपला सेन्सेक्सही ऑक्टोबरात ९,००० च्या खाली होता. ज्यांनी ती खूण मानली, ते वाचले.

हीच खूण मार्च २०२० च्या अखेरीस पुन्हा दिसली. पण तोवर तळ होऊन गेला होता. २३ मार्चलाच एस अँड पी निर्देशांक २,२३७ वर बंद झाला होता आणि सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला होता. त्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने हवे तितके रोखे खरेदी करण्याची घोषणा केली. हे कारण कोणत्याही रेघेत आधी उमटलेले नव्हते. १८ ऑगस्टला त्या निर्देशांकाने जुना उच्चांक ओलांडला. या वेळी ज्यांनी खूण मानून विकले, त्यांनी तळाजवळ विकले.

तज्ज्ञाचे प्रगतिपुस्तक

डाऊ यांच्यानंतर त्यांची पद्धत विल्यम पीटर हॅमिल्टन या संपादकाने चालवली. २५ ऑक्टोबर १९२९ रोजी, म्हणजे महामंदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ओहोटी लागल्याचा इशारा दिला आणि त्यांचे नाव झाले. पण आल्फ्रेड काऊल्स या अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये हॅमिल्टन यांच्या २६ वर्षांच्या अंदाजांचा हिशेब मांडला. कल बदलल्याचे ९० अंदाज, त्यातले ४५ बरोबर आणि ४५ चूक. त्यांचे ऐकणाऱ्याला वर्षाला १२ टक्के मिळाले असते, तर नुसते शेअर धरून बसणाऱ्याला साडेपंधरा.

१९९८ मध्ये तीन अभ्यासकांनी हेच अंदाज पुन्हा तपासले. पत्करलेला धोकाही हिशेबात धरला, तर हॅमिल्टन यांची कामगिरी चांगली ठरते, असे त्यांना आढळले. म्हणजे आलेखाने कमाई वाढवली नाही, पण मोठे हेलकावे टाळायला मदत केली. आलेखाकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवावी. सावध राहण्याचे ते एक साधन आहे. त्यावर घर चालवता येणार नाही.

घरातल्यांनी काय करावे?

आलेखाच्या नावावर सर्वाधिक लूट होते ती वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत. सेबी या सरकारी नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. दरडोई सरासरी सुमारे २ लाख आणि एकूण १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. २०२४-२५ मध्येही तोटा होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के होते. आलेख यांच्याही हाती होते.

म्हणून मुलांना रागावून मोबाईल काढून घेऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. हा पैसा कुठला? कर्जाचा, फीचा, बहिणीच्या लग्नाचा किंवा वडिलांच्या फंडाचा असेल, तर तो बाजारात जाता कामा नये. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे काय? नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः तपासता येतो. आणि गेल्या वर्षभराचा एकूण जमाखर्च काय? एका दिवसाच्या नफ्याचे चित्र सगळेच दाखवतात, वर्षाचा उतारा कोणी दाखवत नाही.

घरातल्या भगिनींनी हा उतारा दर महिन्याला मागावा. किराणा, दूध, शाळेची फी यांचा हिशेब ज्या वहीत लिहिला जातो, त्याच वहीत बाजाराचा नफा-तोटाही, दलाली आणि कर वजा करून, लिहून ठेवावा. बारा महिन्यांचे ते आकडे जोडले की एक आलेख तयार होईल. जगातले सारे आलेख पाहण्याआधी मुलाने तो एक नीट पाहावा.